टीममध्ये एक जण विक्कन आहे: तिची रजा, तिची जागा आणि तो चॅट

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळचा पुण्याचा, न्यू जर्सीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत चौदा जणांच्या टीमचा मॅनेजर आहे. टीममधल्या एका अमेरिकन बाईंनी ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरची रजा मागितली आहे. कारण लिहिलंय, 'धार्मिक सण, साउइन'. त्या विक्कन आहेत, म्हणजे विक्का हा निसर्गपूजक पंथ मानतात, आणि स्वतःला विच म्हणवतात. गळ्यात वर्तुळातल्या चांदणीचं लॉकेट असतं, टेबलावर मेणबत्ती आणि काही दगड. त्यांच्या शेजारी बसणारीनं तक्रार केली की मला भीती वाटते, त्यांना दुसरीकडे बसवा. आमच्या मराठी-हिंदी मुलांचा एक चॅट आहे, त्यात त्यांना गमतीनं 'चेटकीण' म्हणतात. त्याच आठवड्यात रिलीज आहे. हा खरंच धर्म मानायचा का? रजा नाकारली तर चालेल का? जागा हलवू का?"

रजा द्या. जागा हलवू नका. चॅट आजच्या आज थांबवा, पण त्यातलं एक अक्षरही पुसू नका. घाईचं तेवढंच. पुढे कारणं सांगते. ती कळली नाहीत तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हाच घोळ होईल.

मी न्यू जर्सीत गेली २२ वर्षं नोकरीविषयक कायद्याची वकिली करते. सुरुवातीला कंपन्यांची बाजू मांडायचे, आता बहुतेक कर्मचाऱ्यांची. विक्कन अशील माझ्याकडे फार आले नाहीत, एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण त्यांच्या प्रकरणांत मला जे दिसलं ते शीख, मुस्लिम, ज्यू आणि हिंदू अशिलांच्या प्रकरणांतही दिसलं, फक्त इथे ते जास्त उघडं होतं. मुसलमान माणसाला त्रास देणारा निदान आवाज खाली करतो. विक्कन माणसाबद्दल लोक मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, हसत बोलतात. हा काही खरा धर्म नाही, त्यामुळे यात भेदभाव कसला, असं त्यांना मनापासून वाटत असतं. तुमचा पहिला प्रश्न तोच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आणि तो प्रश्न ऑफिसात कुणाला विचारू नका. उद्या प्रकरण कोर्टात गेलं, तर 'मॅनेजर म्हणाले की हा धर्मच नाही' हे वाक्य समोरच्या वकिलाच्या कागदावर पहिल्या ओळीत असेल.

१९६४च्या सिव्हिल राइट्स कायद्याचं सातवं प्रकरण, इथे ज्याला सगळे टायटल सेव्हन म्हणतात, ते १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतं. धर्मावरून नोकरीत भेदभाव करायचा नाही, हे त्यात पहिल्यापासून आहे. १९७२ साली दुरुस्ती झाली. धर्म म्हणजे मनातली श्रद्धाच नव्हे तर तिचं आचरणही, आणि त्या आचरणासाठी मालकानं वाजवी सोय करून द्यायची, अशी भर पडली. पण धर्म कुठला, याची यादी कायद्यानं कधीच दिली नाही. कसोटी आली ती सक्तीच्या सैन्यभरतीच्या खटल्यांतून. १९६५च्या सीगर खटल्यात सुप्रीम कोर्टानं विचारलं ते असं: देव मानणाऱ्याच्या आयुष्यात देवाला जी जागा असते, ती या माणसाच्या आयुष्यात त्याच्या श्रद्धेला आहे का? आणि ती श्रद्धा प्रामाणिक आहे का? नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी हाताळणारा केंद्रीय आयोग, ईईओसी, हीच मोजपट्टी वापरतो. पंथ किती जुना, अनुयायी किती, ग्रंथ कोणता, मंदिर कुठे आहे, यातलं काहीही त्यात येत नाही. तुम्हाला पटतं का, हे तर मुळीच येत नाही.

विक्काबद्दल नेमका निवाडा १९८६चा आहे. व्हर्जिनियातल्या एका कैद्यानं पूजेसाठी झगा, मेणबत्त्या, धूप वगैरे वस्तू मागितल्या होत्या. डेटमर विरुद्ध लँडन या नावानं हा खटला ओळखला जातो. फोर्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टानं विक्का हा धर्म आहे आणि त्याला राज्यघटनेचं संरक्षण आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्या कैद्याला मागितलेल्या वस्तू मात्र तुरुंगाच्या सुरक्षेचं कारण मान्य करून दिल्या नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या मेणबत्तीच्या प्रश्नाला ती उपयोगी पडेल.

नोकरीच्या संदर्भात तर ईईओसीच्या मार्गदर्शिकेत तुमच्याच प्रसंगाचं उदाहरण छापलेलं आहे. एक कर्मचारी ३१ ऑक्टोबरला साउइनसाठी सुट्टी मागते. तिचा वरिष्ठ म्हणतो की विक्का हा खरा धर्म नाही, टॅरो पत्ते आणि मंत्रतंत्राची खिचडी आहे. आयोगाचं उत्तर असं की या कारणानं नकार देणं बेकायदा आहे. कामावर अवाजवी बोजा पडतो हे कंपनीनं सिद्ध केलं, तरच नकार टिकेल. माझ्याकडे कंपनीचा माणूस आला की मी त्याच्यापुढे ते पान ठेवते.

आणखी एक दाखला देते, तो नोकरीतल्या भेदभावाचा नसला तरी इथल्या लोकांचं मन कुठून कुठे आलं ते दाखवतो. १९९९ साली टेक्ससमधल्या फोर्ट हूड लष्करी तळावर विक्कन सैनिक उघडपणे पूजा करतात यावरून गदारोळ झाला. तेव्हाचे टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश टीव्हीवर म्हणाले की विचक्राफ्ट हा धर्म आहे असं मला वाटत नाही. २००५ साली नेव्हाडा नॅशनल गार्डचे सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट अफगाणिस्तानात मारले गेले. ते विक्कन होते. त्यांच्या स्मृतिफलकावर विक्काचं चिन्ह, वर्तुळातली पंचकोनी चांदणी, कोरायला माजी सैनिकांच्या खात्यानं परवानगी दिली नाही. खात्याच्या यादीत डझनावारी धर्मांची चिन्हं होती, नास्तिकांचंसुद्धा होतं. त्यांच्या पत्नीनं आणि इतरांनी दावा लावला आणि एप्रिल २००७मध्ये खात्यानं तडजोड करून ते चिन्ह यादीत घातलं. तुमच्या सहकारी बाईंच्या गळ्यात जे लॉकेट आहे ते हेच. अमेरिकेच्या सरकारी दफनभूमीत, शहीद सैनिकाच्या दगडावर जे चालतं, ते तुमच्या ऑफिसात चालायला काय हरकत आहे?

आता विक्का म्हणजे काय ते थोडक्यात. विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर या निवृत्त सरकारी अधिकाऱ्यानं तो लोकांपुढे आणला. १९५१ साली तिथला जुना विचक्राफ्ट कायदा रद्द झाला आणि नंतर त्यानं उघडपणे लिहायला सुरुवात केली. निसर्गात देवत्व पाहायचं, देवी आणि देव दोघांना मानायचं, कुणाला इजा होणार नाही असं वागायचं, असा साधारण गाभा. सैतान त्यात कुठेच नाही, ती ख्रिस्ती कल्पना आहे. वर्षात आठ सण: दोन संपात (दिवस-रात्र सारखे असतात ते दिवस), दोन अयनं (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) आणि त्यांच्या मधले चार. शिवाय पौर्णिमा. मध्यवर्ती पीठ नाही, पोप नाही. कित्येक जण एकट्यानंच साधना करतात. त्यामुळे 'तुमच्या गुरूचं पत्र आणा' असं कुणी एचआरवाला म्हणाला तर त्याला थांबवा. प्रामाणिकपणाबद्दल खरोखर शंका घ्यायला जागा असेल तर कंपनी थोडी विचारपूस करू शकते, पण धर्मगुरूचं पत्र ही अट घालू शकत नाही.

साउइन हा त्यातला सगळ्यांत मोठा सण. ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवसापर्यंत. वर्षाचा शेवट, आणि गेलेल्या माणसांची आठवण. माझ्या एका अशिलानं मला सांगितलं होतं की त्या रात्री ती टेबलावर एक ताट जास्त मांडते, आजीसाठी. त्यात आजीला आवडायचा तो मक्याचा ब्रेड असतो आणि बाजूला आजीचा चष्मा ठेवते. ऐकताना मला आमच्या सांगलीच्या घराची गच्ची आठवली. सर्वपित्रीला आई पान घेऊन वर जायची आणि कावळा येईपर्यंत आम्हाला जेवायला मिळायचं नाही. आजोबांसाठी त्यात अळूवडी हवीच असायची. त्या दिवसानंतर मला तिची बाजू मांडायला शब्द शोधावे लागले नाहीत.

म्हणून तुमच्या चॅटमधल्या त्या शब्दाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. 'विच' हा शब्द विक्कन लोकांनी समजून उमजून स्वतःसाठी घेतला आहे. 'चेटकीण' तसा नाही. आपल्याकडे चेटकीण, डाकीण हे शब्द दुसऱ्याच्या कपाळावर मारायचे शब्द आहेत. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर डाकीण ठरवलेल्या बायकांनी काय भोगलंय ते ज्यांनी वाचलंय त्यांना हा शब्द गमतीचा वाटणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. काही जणांना वाटतं की तो कायदा 'विच' लोकांच्या विरोधात आहे, त्यामुळे आपण म्हणतो ते बरोबरच. तसं नाही. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असा ठपका ठेवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे. तुमची मुलं पुण्यात एखाद्या बाईला असं म्हणून छळत असती तर त्यांच्याच अंगावर ते आलं असतं.

राहता राहिलं 'त्यांना मराठी कुठे कळतं'. हा भ्रम मी किती वेळा पाहिलाय. चॅट कंपनीच्या सिस्टिमवर असेल तर तो कंपनीचा दस्तऐवज आहे. दावा लागला की समोरची बाजू तो मागते, आणि प्रमाणित भाषांतरकार प्रत्येक ओळीपुढे इंग्रजी ओळ लिहून देतो. एका प्रकरणात मी ते भाषांतर स्वतः तपासलं. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, 'झाडू पार्किंगमध्ये लावलाय का बघा रे.' त्याखाली सात हसरे चेहरे. भाषांतरकारानं वाक्य दिलं आणि खाली चौकटीत कोरडेपणानं नोंदवलं: सात हसरे चेहरे, पैकी एक विभागप्रमुखाचा. कंपनीच्या वकिलानं ते पान वाचलं, चष्मा काढला आणि तडजोडीचा आकडा विचारला. तुम्ही त्या चॅटमध्ये आहात का, तुम्ही काही टाकलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. टाकलं नसेल तरी तुम्हाला माहीत आहे, आणि मॅनेजरला माहीत असणं म्हणजे कंपनीला माहीत असणं, असंच बहुतेक वेळा धरलं जातं. आज एचआरला लेखी कळवा. पुसू नका हे पुन्हा सांगते, कारण तक्रारीची चाहूल लागल्यावर पुरावा नष्ट करणं हे मूळ शेऱ्यांपेक्षा जास्त महागात जातं.

तुमच्या स्वतःपुरतं एक. टायटल सेव्हनखाली दावा कंपनीवर होतो, मॅनेजरवर व्यक्तिशः नाही. पण न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा १९४५पासून आहे आणि तो जास्त कडक आहे. त्याला १५ कर्मचाऱ्यांची अट नाही. भेदभावाला हातभार लावणारा वरिष्ठ त्याखाली व्यक्तिशः जबाबदार ठरू शकतो.

रजेकडे येऊ. २०२३च्या जूनपर्यंत कंपन्यांना नकार देणं सोपं होतं. १९७७च्या एका निकालातल्या एका वाक्याचा अर्थ असा लावला गेला होता की किरकोळपेक्षा थोडा जास्त खर्च आला तरी सोय नाकारता येते. मी कंपन्यांच्या बाजूनं होते तेव्हा ते वाक्य मीही वापरलंय, आणि आज मला त्याचं वाईट वाटतं. २९ जून २०२३ला ग्रॉफ विरुद्ध डीजॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानं एकमतानं ते चित्र बदललं. पेनसिल्व्हेनियातल्या टपाल खात्यात काम करणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाला रविवारी पार्सल वाटायची नव्हती, त्याचा तो खटला. आता नकार द्यायचा तर त्या विशिष्ट धंद्याच्या मानानं भरीव जादा बोजा पडतो, हे कंपनीनं दाखवायला हवं.

रिलीजचा आठवडा हे कारण या कसोटीला उतरेल का? चौदा जणांच्या टीममध्ये दोन दिवस एक माणूस नसणं हा भरीव बोजा आहे, असं कोर्टाला पटवणं मला तरी जमणार नाही. गेल्या वर्षी त्याच सुमारास कुणी दिवाळीला पुण्याला गेलं होतं का? ते तपासा. कुणी गेलं असेल आणि तेव्हा रिलीज अडली नसेल, तर तुमचा मुद्दा तिथेच संपला. उलट त्या बाईंशी बोललात तर मार्ग निघतो. त्यांना दोन्ही पूर्ण दिवस हवेत की ३१ला दुपारनंतर आणि १ला सकाळ? कुणाशी ड्युटी बदलून घेता येईल? त्याआधीच्या शनिवारी थोडं काम करतील का? रजा त्यांच्या शिल्लक सुट्ट्यांतून किंवा बिनपगारी असू शकते, जादा भरपगारी सुट्टी द्यायलाच हवी असं नाही. त्यांनी सुचवलेलाच मार्ग घ्यायला हवा असंही नाही. मात्र जो घ्याल त्यानं सणाची अडचण खरंच सुटली पाहिजे. 'संध्याकाळी सातनंतर मोकळ्या व्हाल की' हे उत्तर नव्हे, त्यांचा सण सूर्यास्ताला सुरू होतो.

शेजारणीची तक्रार. या प्रकरणात सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण जागा हलवणं निरुपद्रवी वाटतं. कुणाचं काही बिघडत नाही, दोघी खूश. पण कोण हललं ते बघा. जिनं काहीच केलं नाही ती. ग्रॉफच्या निकालात कोर्टानं हेही म्हटलंय की सहकाऱ्यांना एखाद्या धर्माबद्दल वाटणारा आकस हा बोजा म्हणून मोजताच येत नाही. आणि सुप्रीम कोर्टाच्याच २०२४च्या मल्ड्रो निकालानंतर बदलीमुळे फार मोठं नुकसान झालंय हे कर्मचाऱ्याला दाखवावं लागत नाही, काही नुकसान पुरतं. तक्रार करणाऱ्या बाईंना शांतपणे विचारा: त्यांनी तुम्हाला नेमकं काय केलं? उत्तर 'मेणबत्तीच्या वासानं डोकं दुखतं' असं आलं तर तो वासाचा प्रश्न आहे, सोडवा. उत्तर 'ती कोण आहे याचीच भीती वाटते' असं आलं तर सौम्यपणे सांगा की यावर कंपनी काही करणार नाही. त्यांना स्वतःला दुसरीकडे बसायचं असेल तर बसू द्या. त्यांचीही श्रद्धा आहे आणि तिलाही हेच संरक्षण आहे. त्या मनात प्रार्थना करोत, चर्चला जावोत. शेजारच्या टेबलावर रोज 'तुझा आत्मा वाचव' असली पत्रकं ठेवायला लागल्या तर मात्र थांबवावं लागेल.

टेबलावरच्या वस्तूंसाठी नियम एकच, आणि तो सगळ्यांना. पेटती मेणबत्ती आणि धूप यांना आगीच्या नियमांनी मनाई करता येते. ती तुमच्या उदबत्तीलाही असली पाहिजे. बॅटरीवरची मेणबत्ती चालेल का, असं विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. दगड, चांदणी, छोटी मूर्ती यांना हात लावू नका. कुणाच्या टेबलावर क्रूस आहे, कुणाच्या मॉनिटरखाली गणपती आहे, डिसेंबरमध्ये रिसेप्शनला झाड लागतं. विक्कन पूजेत एक छोटा खंजीरही असतो, अथामी म्हणतात त्याला. ऑफिसात तो सहसा कुणी आणत नाही, घरची वस्तू आहे ती. लॉकेट कपड्यात लपवा असं सांगायचा मोह ग्राहकांसमोर बसणाऱ्यांच्या बाबतीत होतो. ग्राहकांना आवडणार नाही, हे कारण चालत नाही. २०१५ साली एका कपड्यांच्या दुकानसाखळीनं हिजाब घालून मुलाखतीला आलेल्या मुलीला नाकारलं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि दुकान हरलं. सोय करून द्यावी लागू नये म्हणून माणूसच नाकारायचा, हे बेकायदा आहे, असं कोर्ट म्हणालं.

मक्याचा ब्रेड मांडणाऱ्या त्या अशिलाबद्दल सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. ती एका मोठ्या ठिकाणी रक्ताचे नमुने घ्यायची. अकरा वर्षं लॉकेट कपड्यांच्या आत. विक्कन लोक याला 'ब्रूम क्लॉझेट'मध्ये असणं म्हणतात, झाडूच्या कपाटात लपून असणं. एकदा रुग्णाच्या हाताला पट्टा बांधताना ती वाकली, लॉकेट बाहेर आलं आणि सुपरवायझरनं ते पाहिलं. पुढच्या पंधरवड्यात तिची दिवसपाळी गेली. कारण सांगितलं, रुग्णांना अवघड वाटू शकतं. एकाही रुग्णाची तक्रार नव्हती. त्या वर्षी अप्रेझलमध्ये 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा आला.

ती माझ्याकडे आली ती तारेच्या बांधणीची वही घेऊन. पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, ऐकायला कोण होतं. 'मंगळवार, ७.४०, कॉफीच्या मशीनपाशी.' मते, अनुमान काही नाही, नुसतं घडलं ते. समासात काही तारखांपुढे पेन्सिलीनं छोटं वर्तुळ. मी विचारलं तर म्हणाली, पौर्णिमा. आपल्या कालनिर्णयावर आई खुणा करते तशा. मध्यस्थीच्या दिवशी समोरच्या वकिलानं ती वही पाऊण तास वाचली. मग विचारलं, ही तारीख इतकी नेमकी कशी आठवते? ती म्हणाली, त्या रात्री पौर्णिमा होती, मी वही त्याच दिवशी लिहिली. पंचांग काढून पाहिलं, जुळलं. तिला दिवसपाळी परत मिळाली, शेरा काढून टाकला, काही रक्कम मिळाली. सुपरवायझर तिथेच आहे.

हे सगळ्यांच्या बाबतीत असं संपत नाही. दुसऱ्या एका माणसाला मला नाही म्हणावं लागलं. त्याला काढलं, तो विक्कन होता, ज्यानं काढलं तो आडमुठा होता, पण त्याला याचा धर्म माहीतच नव्हता. या माणसानं तो कधीच कुणाला कळू दिला नव्हता. १९९७ साली इलिनॉयच्या केंद्रीय कोर्टात असंच झालं होतं. विक्का हा धर्म आहे हे कोर्टानं मान्य केलं, पण निर्णय घेणाऱ्याला त्याची माहिती होती हे दिसलं नाही आणि तो कर्मचारी हरला. कायद्याची ही बाजू मला आजही सलते. ज्यांना बोलायची भीती वाटते त्यांच्यासाठीच हे संरक्षण आहे, आणि ते मिळवायचं तर आधी बोलावं लागतं. तुमच्या सहकारी बाईंनी रजेच्या अर्जात 'साउइन' असा शब्द लिहिला, 'वैयक्तिक काम' असं लिहिलं नाही. तो लिहिण्याआधी त्यांनी किती दिवस विचार केला असेल ते मला माहीत आहे.

आता वचपा. समजा त्यांना चॅट कळला आणि त्यांनी तक्रार केली. त्यानंतर तुम्ही त्यांना मीटिंगमधून वगळलं, चांगलं काम दुसऱ्याला दिलं, अचानक 'कामगिरी सुधारणा' योजनेवर टाकलं, तर मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी वचपा काढल्याचा हा वेगळा आरोप सिद्ध होऊ शकतो. ईईओसीकडे येणाऱ्या तक्रारींत गेली अनेक वर्षं सगळ्यांत जास्त संख्या याच प्रकारच्या तक्रारींची आहे. मॅनेजरला राग येतो हे मला कळतं. तो घरी घेऊन जा.

मुदती तुम्हालाही माहीत हव्यात, कारण 'आता इतके महिने झाले, काही होणार नाही' असं कुणीतरी सांगेलच. ईईओसीकडे तक्रारीला १८० दिवस असतात आणि न्यू जर्सीसारख्या स्वतःची यंत्रणा असलेल्या राज्यांत ३००. आयोगाचं परवानगीपत्र आल्यावर कोर्टात जायला ९० दिवस. न्यू जर्सीच्या कायद्याखाली थेट कोर्टात जायला २ वर्षं. केंद्रीय कायद्यात मनस्तापाची आणि दंडात्मक भरपाई मिळून कंपनीच्या आकारानुसार ५०,००० ते ३,००,००० डॉलरपर्यंत मर्यादा आहे, बुडालेला पगार वेगळा. न्यू जर्सीच्या कायद्यात मनस्तापाच्या भरपाईला अशी मर्यादा नाही.

तुमच्या टीममधल्या मुलांशी बोलताना कायद्याची भीती घालू नका, ती दोन आठवडे टिकते. त्यांना हे सांगा की गणेश चतुर्थीला जी सुट्टी आपण मागतो, टिकली लावून, गंडा बांधून, चतुर्थीचा उपास करून आपण ऑफिसात येतो आणि कुणी काही बोलत नाही, त्यामागे हेच कलम आहे. यातल्या कुठल्याही गोष्टीचं तर्कशुद्ध स्पष्टीकरण आपल्याकडे कुणी मागितलेलं नाही. हत्तीच्या तोंडाच्या देवाबद्दल ऑफिसात कुणी सात हसरे चेहरे टाकले असते तर आपल्याला काय वाटलं असतं, हे त्यांना विचारा आणि गप्प बसा. उत्तर त्यांना देऊ द्या.

सोमवारी त्या बाईंना भेटा, पण काचेच्या केबिनमध्ये सगळ्यांसमोर नको. आधी एचआरशी आणि तुमच्या कंपनीच्या वकिलाशी बोलून घ्या. मी तुमच्या कंपनीची वकील नाही, कागद पाहिलेले नाहीत. बाईंना त्यांच्या धर्माबद्दल प्रश्न विचारू नका, कुतूहल म्हणूनसुद्धा नको. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका. रजा मंजूर आहे, रिलीजचं काम कसं वाटून घ्यायचं ते ठरवू, आणि टीममध्ये कुणी काही लागेल असं बोललं तर माझ्याकडे किंवा एचआरकडे या, एवढं बोला. मग त्याच दिवशी दोन ओळींची मेल पाठवा, म्हणजे नोंद राहील. विषयाच्या जागी 'साउइनची रजा' असं लिहा. हॅलोवीन लिहू नका.